अलमट्टीवर बोलूच, पण आधी आपला भराव बघू

निवृत्त_सर्कल (कसबा बावडा)

मृग लागला की आमच्याकडं रामराम मागं पडतो आणि "पाणी किती?" सुरू होतं. अजून पंचगंगा पात्रातच आहे, तरी सकाळी राजाराम बंधाऱ्याकडं फिरून येताना आमच्या पेन्शनर मंडळींचा विषय तोच. आधी महागाई भत्ता, मग आठवा वेतन आयोग (तो केंद्राचा, राज्याला लागू होऊन थकबाकी हातात पडेपर्यंत आमच्यातले किती जण हयातीचे दाखले देत असतील देव जाणे), मग कुणाचा तरी गुडघा, आणि शेवटी अलमट्टी, म्हणजे कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण, ज्याच्या फुगीमुळं (मागं चढणाऱ्या पाण्यामुळं) आपल्याकडं पूर येतो असं म्हणतात ते. अलमट्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत. कोल्हापुरात दुसऱ्या कशावरही एवढं एकमत होत नाही, हद्दवाढीवर तर नाहीच.

मी महसूल खात्यात आयुष्य काढलं. तलाठी म्हणून लागलो, सर्कल (मंडल अधिकारी) म्हणून सुटलो. २००५ चा पूर तलाठी असताना बघितला, २०१९ चा सर्कल असताना आणि २०२१ चा पेन्शनर म्हणून, गॅलरीतून. म्हणून चार गोष्टी लिहितोय. पटल्या नाहीत तर झाडा, आम्हाला सवय आहे.

बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोराला पाठ असतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. फूट-इंचांची चर्चा आपण क्रिकेटच्या स्कोअरसारखी करतो. मच्छिंद्री (शिवाजी पुलावरची पाण्याची जुनी खूण) झाली का, रेडेडोह (नदी जिथून जुन्या वाटेनं शेतात पसरते ती जागा) फुटला का, शिरोलीला हायवे बंद झाला का. पाणी उतरलं की चर्चाही उतरते, आणि आमचं काम तिथून सुरू व्हायचं.

पंचनाम्याला गेलं की पहिल्यांदा भिंत बघायची. चिखलाची रेघ उठलेली असते, कुठं कपाटाचा, कुठं कॉटचा ठसा तेवढा कोरडा राहिलेला. उंबऱ्यापासून टेप लावायचा आणि लिहायचं. ते सोपं. पण निकषात घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असावं अशी अट असायची. मोठ्या पुरात सरकार ती शिथिल करतं, पण जीआर हातात पडेपर्यंत आम्ही दारात उभे. रेघेवरून पाणी किती चढलं ते कळतं, किती तास राहिलं ते कसं कळणार? मग शेजाऱ्याला विचारायचं, आणि शेजाऱ्याशी बांधावरून वाद असेल तर झालंच कल्याण.

दुसरं भांडण चुलीचं. मदत कुटुंबाला, म्हणजे रेशनकार्डाला. पुराच्या आधी एकत्र जेवणारे तीन भाऊ पुरानंतर "आमची चूल वेगळी" म्हणून उभे राहतात. त्यात खरोखर वेगळे राहणारेही असतात, ज्यांचं कार्ड कधी फोडलंच गेलं नाही. एका घरात थोरल्या भावजयीनं मला आत नेऊन तिन्ही गॅस दाखवले. तिन्ही शेगड्या चिखलात रुतलेल्या, आणि नळी एकीलाच. हसू आलं, पण लिहिताना हात जड झाला. कारण त्या घरात चिखल तिघांच्याही वाट्याला सारखाच होता.

भाडेकरूंचं तर विचारूच नका. घरफाळा मालकाच्या नावावर, भिजलेला संसार भाडेकरूचा, आणि मालक पुण्याहून फोनवर सांगणार की बँक खातं माझं लिहा.

आता मुद्द्यावर येतो. २००५ ला ज्या गल्ल्या यादीत होत्या त्याच २०१९ ला असणार असं धरून आम्ही निघालो. त्या होत्याच. पण त्यांच्या पुढं, नदीच्या आणि ओढ्याच्या बाजूला, २००५ ला जिथं ऊस किंवा गवत होतं तिथं आता अपार्टमेंट, लॉन, शोरूम, गॅरेज. सगळ्यांचे पायथे मुरूम टाकून पुरुष-दीड पुरुष उचललेले. नवी इमारत बऱ्यापैकी कोरडी आणि तिच्या मागची जुनी कौलारू घरं गळ्याइतक्या पाण्यात. एक म्हातारी म्हणाली, "सायेब, आमच्यात पाणी यायचं ते उंबऱ्यापत्तोर. ह्यांनी मुरूम टाकला तवापासनं देवघरात येतंय." मी ते लिहून घेतलं नाही, कारण लिहायचं कुठं? पंचनाम्याच्या नमुन्यात नुकसानीचा रकाना आहे, नुकसान कशानं झालं त्याचा नाही. कारण एकच, वर छापलेलं: नैसर्गिक आपत्ती.

नियम नाहीत असं नाही. निळ्या रेषेच्या आत बांधायचं नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी पाळून बांधायचं. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. मुरूम उचलायला परवाना आणि रॉयल्टी लागते. हे सगळं असताना भराव पडतो, आणि तोही रात्री. दिवसा डंपर दिसला तर फोन येतो. रात्री दिसला तर कुत्री भुंकतात तेवढीच.

सरकारी भरावही धरा. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ २०१९ ला बंद पडला, २०२१ लाही पडला. रस्ता उंच करायचा तर कमानी काढून करा, मातीची भिंत घालू नका, ही मागणी किती जुनी आहे. मातीचा रस्ता नदीला आडवा पडला की तो बांधच.

राज्य सरकारच्या वडनेरे समितीनं २०२० ला अहवाल दिला. २०१९ च्या पुराचं खापर त्यांनी अलमट्टीवर फोडलं नाही. अतिवृष्टी आणि पूररेषेतली अतिक्रमणं यांच्यावर बोट ठेवलं. अहवाल न पटणारे पुष्कळ आहेत, त्यांनी जरूर लिहावं. अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर जाऊ नये या मताचा मीही आहे. पण अलमट्टीवर ठराव करायला एका दिवसात सगळे पक्ष जमतात, आणि गल्लीतल्या भरावावर एकही नगरसेवक कधी तोंड उघडत नाही. पाच वर्षं महापालिकेत प्रशासक होता तेव्हाही मुरूम काही थांबला नाही, म्हणजे नुसतं नगरसेवकांवर ढकलूनही चालणार नाही.

तुमच्या भागात काय आहे ते लिहा.

---

तांबडा_पांढरा

काका, एक नंबर लिहिलंय. रात्री कुत्री भुंकतात हे लई खरं. आमच्या फुलेवाडीच्या बाजूला डंपरचा हॉर्न ऐकून कुत्रीबी उठत नाहीत आता, सवय झाली त्यांना.

---

उसाचं_टिपरू (शिरोळ)

काका, मान राखून बोलतो. हे कोल्हापूर शहरातनं बघितलेलं आहे. शिरोळात येऊन बघा. तुमच्याकडं पाणी चढतं तसं उतरतं. आमच्यात चढलं की मुक्कामाला राहतं. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि कृष्णा आधीच कोयना-वारणेचं पाणी घेऊन तट्ट फुगलेली असती. पुढं कर्नाटकात हिप्परगी बंधारा, पुढं अलमट्टी. खालनं पाणी सरकलं नाही की पंचगंगा वाडीच्या आलीकडंच थांबती. उसाच्या पोंग्यात पाणी गेलं की ऊस संपला, मग एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर) कितीबी असू दे, कारखान्याला घालणार काय? वैरण म्हणून कापावा तरी चिखलाचा ऊस जनावर तोंडात धरत नाही.

२०२५ च्या मे महिन्यात अलमट्टीच्या उंचीविरुद्ध अंकलीच्या पुलावर चक्काजाम झाला तो उगंच नव्हता. तुम्ही "आधी आपला भराव" म्हणता तेव्हा पलीकडचे कर्नाटकवाले हसत असतील, बघा, ह्यांचाच माणूस बोलतोय म्हणून. आणि वडनेरेंच्या अहवालाचा दाखला आमच्यात कुणी ऐकून घेत नाही, स्पष्ट सांगतो.

---

जलसंपदा_माजी

मी खात्यात होतो म्हणून आकडे टाकतो. राजाराम बंधाऱ्यावरचे ४३ फूट म्हणजे समुद्रसपाटीपासून ५४३.२९ मीटर. अलमट्टी आज काठोकाठ भरलं तरी ५१९.६०. सुमारे २४ मीटरचा फरक. त्यामुळं कोल्हापूर शहरातल्या पाण्याला अलमट्टीची फूग थेट कारण आहे हे गणितात बसवणं अवघड. शिरोळचं तसं नाही. तिथं जमीन सखल, उतार जवळजवळ नाही, त्यामुळं खालच्या अडथळ्याचा परिणाम पाणी उतरण्याच्या वेगावर होऊ शकतो. टिपरू म्हणतात ते आणि सर्कलसाहेब म्हणतात ते, दोन वेगळ्या ठिकाणांबद्दल आहे.

आणखी दोन गैरसमज दरवर्षी फिरतात. पहिला, राधानगरीचे दरवाजे उघडले म्हणून पूर आला. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक, म्हणजे सातही उघडले तरी दहा हजारांच्या आसपास. पूर येतो तो भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या सगळ्यांचं पाणी एका वेळी उतरलं तर. गगनबावड्याला पाऊस किती झाला ते बघा, अर्धा अंदाज तिथंच येतो. दुसरा, काळम्मावाडीतून पाणी सोडलं की कोल्हापुरात पातळी वाढते. काळम्मावाडी दूधगंगेवर आहे, ती पंचगंगेला मिळतच नाही.

सर्कलसाहेबांनी २०१९ आणि २०२१ एका ओळीत ठेवलेत, तिथं एक पुस्ती जोडतो. २०२१ चा पाऊस थोड्या वेळात धो धो झाला, २०१९ चा अनेक दिवस पडत होता. तेव्हा थोड्याशा फरकावरून कुणी भरावाचं माप काढू नये.

---

निवृत्त_सर्कल

जलसंपदा साहेब, बरोबर. फूट-इंचावरून मीही माप काढत नाही, मी मागच्या घरातल्या रेघेवरून बोलतोय.

टिपरू भाऊ, तुमच्याशी भांडण नाही. शिरोळात काय होतं ते मी बघितलंय, कुरुंदवाडात बोटीतून फिरलोय. पण पलीकडचे हसतील म्हणून आपण आपल्या गल्लीबद्दल बोलायचं नाही, हे मला पटत नाही. उलट कृष्णा पाणीवाटप लवादापुढं उद्या त्यांचा वकील आपल्याच पूररेषेतल्या बिल्डिंगांचे फोटो दाखवेल, तेव्हा काय उत्तर देणार?

---

प्रयागकर (चिखली)

आम्ही चिखली-आंबेवाडीवाले. आमच्याबद्दल सगळे एकच विचारतात: १९८९ च्या पुरानंतर सोनतळीत जागा दिल्या, तरी तुम्ही खाली का राहता? तर ऐका. आमची शेती खाली, म्हशी खाली. धार पहाटे काढायची, दूध डेअरीला वेळेत घालायचं. वर प्लॉटात माणूस राहील, म्हैस कुठं बांधायची आणि वैरण कुठनं न्यायची? ज्यांनी वर बांधलं त्यांच्यातलीही म्हातारी माणसं जनावरांसाठी खालीच आहेत. पूर आला की पहिल्यांदा म्हशी वर जातात, मग माणसं. २०१९ ला दावी सोडून दिलेली जनावरं ज्यांनी बघितली त्यांना विचारा.

रेडेडोह फुटला की पाणी शेतातून पसरून जायचं, तो नदीचा जुना रस्ता. आता रत्नागिरी रोड उंच होतोय. त्याला मोऱ्या पुरेशा ठेवल्या नाहीत तर ते पाणी आमच्या अंगावर. काकांचा भराव शहरातला आहे, आमचा हायवेचा.

---

शाहूपुरी_वहिनी

काका, भाडेकरूचं लिहिलंत म्हणून लिहिते. आम्ही कुंभार गल्लीच्या मागं भाड्यानं राहायचो. २०२१ ला गणपती दीड महिन्यावर आले असताना पाणी आलं. शेजाऱ्यांच्या कच्च्या मूर्ती वरच्या मजल्यावर चढवायला गल्लीतली झाडून सगळी माणसं लागली होती. मातीची मूर्ती एकदा भिजली की तिचा चिखल होतो, आणि मूर्ती गेली की वर्षाची कमाई गेली. आमचा फ्रिज राहिला खालीच. पंचनाम्याला आलेल्या मुलानं नीट लिहून घेतलं, पण पैसे गेले घरमालकाच्या खात्यावर, आणि ते त्यांनी "भाड्यात वळते करू" म्हणून सांगितलं. वळते काही झाले नाहीत.

आत्ता आम्ही ज्या अपार्टमेंटमध्ये आहोत त्याच्या शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर गेल्या महिन्यापासून मुरूम पडतोय. काका म्हणतात तसंच, रात्री अकरानंतर. आमचं पार्किंग आता त्या प्लॉटपेक्षा खाली गेलंय. विचारलं तर म्हणतात परवानगी आहे. कसली, कुणाची, ते सांगत नाहीत.

---

पेन्शनर_कट्टा

विषय सोडून विचारतो, माफी असावी. मोबाईलवर चेहरा दाखवून हयातीचा दाखला देता येतो म्हणतात, ते आपल्या राज्य पेन्शनला चालतं का? आमच्या सौभाग्यवतींना फॅमिली पेन्शन आहे तिच्या आधीच्या... नाही, चुकीचं लिहिलं, आमच्या वहिनींना आहे. बँकेत जिना चढवत नाही त्यांना.

---

निवृत्त_सर्कल

चालतं. जीवन प्रमाण. आधार जोडलेलं हवं, पीपीओ (पेन्शन आदेशाचा) नंबर हाताशी ठेवा, आणि चेहरा दाखवताना उजेड समोरून घ्या, पाठीमागून नको. नोव्हेंबरात करा आणि झाल्यावर कोषागारात एक फोन टाकून नोंद झाली का विचारा. सौभाग्यवतींना दीर्घायुष्य.

---

नकाशा_पास

मी आर्किटेक्ट आहे. आता शिव्या पडणारच आहेत, तरी बोलतो. काका, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधताना नियमच सांगतो की जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्या. मग क्लायंट भराव टाकणारच. तुम्ही त्याला गुन्हेगार ठरवताय, पण तो नियम पाळतोय. शहराची हद्द १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून वाढलेली नाही, ६६ चौरस किलोमीटरमध्ये सगळं कोंबायचं. ४२ गावांचं प्राधिकरण २०१७ ला केलं, त्यानं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. लोकांनी घरं बांधायची कुठं?

---

निवृत्त_सर्कल

शिव्या नाहीत, उलट बरं झालं आलात. जोतं वर घ्या म्हणजे अख्खा प्लॉट वर घ्या असं कुठं लिहिलंय? इमारत खांबांवर उभी करा, खालून पाणी जाऊ द्या, जोतं पाहिजे तेवढं वर. पाणी वाहायला जागा राहिली तर मागच्या म्हातारीच्या देवघरात ते जाणार नाही. पण खांबांवर केलं की खालची जागा गाळे म्हणून विकता येत नाही, खरं की नाही? मुरूम टाकला की रस्त्याच्या पातळीला दुकानं निघतात. तुमच्या क्लायंटला पूर टाळायचाय की गाळे काढायचेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

हद्दवाढीचं म्हणणं मान्य. ते व्हायला हवं होतं कधीच. पण हद्द वाढली तर भराव थांबेल असं मानू नका. मुरूम नव्या हद्दीपर्यंत पोचलेला आहे.

---

नकाशा_पास

गाळ्यांचं खोटं बोलणार नाही. स्टिल्टचं, म्हणजे खांबांवरच्या इमारतीचं, क्लायंटला सांगितलं की तो दुसऱ्या आर्किटेक्टकडं जातो. दोनदा गेलेत.

---

उसाचं_टिपरू

सर्कल काका, लवादाचा मुद्दा डोक्यात बसला. फोटोचं खरं आहे. पण एक करा, नुसतं बिल्डरवर बोलू नका. आमच्या भागात नदीकाठच्या बांधापर्यंत, अगदी मळी जमिनीतही विहिरी-मोटारींसाठी भर टाकून रस्ते केलेत आम्हीच. तेही लिहा. लिहा म्हणजे माझं नाव घालू नका, गावात राहायचंय.

---

शाहूपुरी_वहिनी

काका, शेजारच्या प्लॉटचं काय करू ते सांगा. तक्रार केली तर अर्ज कुणाकडं, आणि उत्तर येतं का कधी?

---

निवृत्त_सर्कल

वहिनी, तक्रारीआधी माहिती अधिकारात अर्ज टाका. तक्रारीवर "चौकशी सुरू आहे" एवढं लिहून भागतं, माहितीच्या अर्जाला तीस दिवसांत कागद द्यावा लागतो. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, म्हणून दोन अर्ज करा.

पहिला तहसील कार्यालयात: "रिव्हिजन सर्व्हे नं. अमुक या मिळकतीवर अमुक तारखेपासून टाकलेल्या भरावासाठी दिलेल्या गौण खनिज परवान्याची व वाहतूक पासांची प्रत, तसेच भरलेल्या स्वामित्वधनाचे चलन मिळावे." दुसरा महापालिकेच्या नगररचना विभागाकडं: "त्याच मिळकतीच्या मंजूर बांधकाम नकाशाची प्रत व त्यावर दर्शवलेली निळी आणि लाल पूररेषा मिळावी." "का परवानगी दिली", "कोण जबाबदार" असले प्रश्न घालू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत आणि अर्ज निकाली निघतो. कागद मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि सही. नुसती सही देतील, घेऊ नका.

वाहतूक पासावर गाडी नंबर आणि वेळ असते. रात्री अकरानंतरचे डंपर कुठल्या वेळेच्या पासवर आले ते बघू. मिळकतीचा नंबर माहीत नसेल तर आपल्या सोसायटीच्या नकाशावर चतुःसीमा बघा, शेजारचा नंबर तिथं असतो.

---

शाहूपुरी_वहिनी

नंबर मिळाला, आमच्याच खरेदीपत्रात पूर्वेला लिहिलाय. सोमवारी तहसीलला जाते. मिस्टर म्हणतात शेजाऱ्याशी वाकडं कशाला, पण पार्किंगमधली स्कूटर त्यांचीच आहे.

---

प्रयागकर (चिखली)

काका, हायवेच्या मोऱ्यांसाठी अर्ज कुठं टाकायचा? नकाशावर मोऱ्या किती आणि प्रत्यक्षात किती, हे मोजायला आम्ही पोरं तयार आहोत.

---

निवृत्त_सर्कल

राष्ट्रीय महामार्ग असेल तर केंद्राचा अर्ज, त्याची फीही दहाच, पण तिथं कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, पोस्टल ऑर्डर लावा. आधी मोजा. मोरीची रुंदी-उंची टेपनं घ्या, फोटोत टेप दिसू दे आणि किलोमीटरचा दगडही. मोजून झालं की बावड्यात या, अर्ज बसून लिहू. पाऊस लागायच्या आत मोजा, नंतर मोरीत उतरता येणार नाही.